डाव्या हातावर काढली, उजव्यावर उठली

दुखायला हवा होता डावा हात, आणि मी रुमाल बांधून गेलो उजव्याला.

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट आहे. नागपुरातल्या एका जुन्या दवाखान्यात मी पर्चीच्या खिडकीवर कारकून होतो. चार दिवसांपूर्वी साऱ्या कर्मचाऱ्यांना देवीची लस टोचली होती. तेव्हा त्याला 'देवी काढणं' म्हणायचे. लस लागू पडली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दंड सुजे, ठणके, अंगात कणकण येई. मग लोक म्हणत, याची उठली. माझी उठली नव्हती. का उठली नव्हती हे मला चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे उठल्याचं सोंग आणणं भाग होतं. सोंग आणणाऱ्यानं निदान हात तरी लक्षात ठेवावा. मी रुमालाला ऐटदार गाठ मारली, खुर्चीवर टेकताना "आई गं" म्हटलं, आणि चहावाल्याकडून सहानुभूतीचा एक चहासुद्धा उकळला.

तेवढ्यात देवी काढणारे गृहस्थ खिडकीवरून चालले होते, ते थांबले. रुमालाकडे नीट पाहिलं.

"वा बाबूजी," ते म्हणाले, "डाव्या हातावर काढली अन् उजव्यावर उठली. हे तं मोठ्या सायबाले कळवा लागते."

मग कोटाच्या खिशातून मूठभर फुटाणे काढून माझ्या पर्च्यांवर ठेवले आणि निघून गेले. कळवलं मात्र कोणालाच नाही.

दवाखान्यात त्यांना सगळे देवी डॉक्टर म्हणत. त्यांना ते पसंत नव्हतं. "मी डॉक्टर नाही अन् देवी बी नाही. दोघांच्या मधातला माणूस आहो," असं म्हणायचे. सरकारी नोकरीतले लस टोचणारे, आमच्या दवाखान्याला जोडून दिलेले. मूळचे उमरेडच्या विणकरांच्या घरातले. त्यामुळेच की काय, माणसाचा दंड ते असा चिमटीत धरत, जसा धोतराचा पोत बघावा. खाकी कोट बारा महिने अंगात. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा आम्ही ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पर्च्या फाडत असू, तेव्हाही कोट तसाच. गळ्यात बर्फ भरलेला थर्मास, त्यात लसीच्या नळ्या. बर्फ वितळेल या धास्तीनं ते सायकल इतकी जोरात हाणत की समोरून येणारे रिक्षावाले त्यांना पाहून आपणहून बाजूला होत.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. दंड राहत. मी एकदा त्यांच्याबरोबर इतवारीत गेलो होतो. एका कापडाच्या दुकानदारानं वाकून नमस्कार केला. यांनी चेहऱ्याकडे पाहिलं, काही केल्या ओळख पटेना. मग त्याच्या सदऱ्याची बाही वर केली आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, तू होय. दोन खाली, एक वर. बापाचं कसं आहे?" दुकानदाराला यात काहीच वावगं वाटलं नाही. मला कळेना, गिऱ्हाइकांसमोर हसावं की नाही. पुढं चालताना त्यांनीच सांगितलं, "तोंड बदलते गा माणसाचं. दंड बदलत नाही."

आणखी एक खोड म्हणजे ते फुटाणे. देवी काढून झाली की ते लहान पोराच्या हातावर फुटाणे ठेवत, हे ठीक. पण ते मोठ्यांनाही देत. आमचे मोठे सर्जन, ज्यांच्याकडे सहीला जायचं मी दुपारपर्यंत टाळत असे, त्यांना एकदा देवी काढायला वेळ मिळत नव्हता. आज नको, उद्या या. हे रोज ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जाऊन बसत. शेवटी एक दिवस त्यांनी साहेबांच्या बाहेर काढलेल्या चपला उचलून मांडीवर ठेवल्या. साहेब बाहेर आले, चपला मागितल्या. "देतो ना साहेब, बाही वर करा तोवर," हे म्हणाले. साहेबांनी बाही वर केली. मग आमच्या सर्जनना चपला पायात घालून, ओंजळीत फुटाणे धरून व्हरांड्यातून जाताना मी स्वतः पाहिलं. एक-एक तोंडात टाकत चालले होते.

दवाखान्यातल्या माणसांवर त्यांचा विशेष डोळा. बाहेर गल्लीबोळांतून तर ते हिंडतच, पण म्हणत, "पेशंट येते आपला आजार घेऊन, अन् तुमचं टोचलेलं नसलं तं जाते तुमचा घेऊन." त्यासाठीच साहेबांनी परिपत्रक काढलं होतं, की साऱ्या कर्मचाऱ्यांनी देवी काढून घ्याव्यात, लहानपणी काढलेल्या असल्या तरी पुन्हा. ते परिपत्रक टाइप कोणी केलं होतं? मी. त्यात 'विनाविलंब' हा शब्द तर माझ्याच पदरचा होता.

सगळ्यात आधी अडून बसली अनसूयाबाई. पुरुषांच्या वॉर्डातली आया, हाडानं मजबूत, जिभेनं त्याहून. ती म्हणाली, "हात सुजला तं माही बालटी कोन उचलते? तू उचलतं का?"

"उचलतो," हे म्हणाले.

वॉर्डात हसू पिकलं. पण अनसूयाबाईची देवी उठली, हात सुजला, आणि चौथ्या दिवशी सकाळी खाकी कोटाच्या बाह्या दुमडून हा माणूस फिनेलची बालटी घेऊन हजर. तीन दिवस त्यांनी तो वॉर्ड पुसला. भांडी धुतली, तीसुद्धा कसली ते सांगत नाही. आमच्या कचेरीतले लोक दारात उभे राहून बघत आणि कुजबुजत, की नोकरीची काही पायरी असते. मीही त्यांच्यात होतो. ते पुसत पुसत आमच्यापर्यंत आले की म्हणत, "पाय मागे घ्या बाबूजी." आम्ही पाय मागे घ्यायचो. अनसूयाबाई एका हातानं कंबर धरून बाकावर बसे आणि "कोपरा राहिला, गा," म्हणून त्यांना मागे बोलवे. दुसऱ्या आठवड्यात साऱ्या आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकघरातल्या बाया रांगेत उभ्या राहिल्या.

राहिलो आम्ही, शिकलेले. आम्ही नाही म्हटलं नाही. आम्ही रांगेत उभे राहिलो, हसत बाही वर केली. दाते असलेली एक छोटी चकती असायची, दांडीला लावलेली. लसीचा थेंब दंडावर ठेवून ती चकती वर टेकवायची आणि गर्रकन फिरवायची. ते झालं, फुटाणे घेतले, आणि तसेच मागच्या दारानं औषधांच्या खोलीत गेलो. तिथं आमचे कंपाउंडर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा घेऊन तयार होते. स्पिरिटनं लस मरते, हे दवाखान्यात काम करणाऱ्यालाच माहीत. बाहेरच्या बिचाऱ्या अडाण्याला हे कुठून सुचणार? मी तर दोनदा पुसून घेतलं. मला सुईची भीती, सुजेची भीती, आणि लहानपणी देवी काढल्यावर आठ दिवस ताप आला होता त्याची आठवण. एवढं मोठं शहाणपण आम्ही केलं, आणि त्यावर कडी म्हणून मी उजव्या हाताला रुमाल बांधला.

आठव्या दिवशी ते तपासायला आले. एकेकाचा दंड चिमटीत धरून उजेडाकडे वळवला. झाडूवाल्यांच्या, आयांच्या, आचाऱ्यांच्या दंडांवर टपोऱ्या देव्या. आमच्या कचेरीत सगळं सपाट. त्यांनी यादी लिहून माझ्याकडेच टाइपाला दिली. आमच्या नावांपुढे 'नाही' असं लिहिलं नव्हतं. 'पुन्हा' असं लिहिलं होतं. त्यानंतर रोज सकाळी ते खिडकीशी थांबत आणि विचारत, "आज?" मी म्हणे, "उद्या." ते मान हलवून जात. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

असे दोन-तीन आठवडे गेले असतील. एका सकाळी कन्हानकडच्या खाणीवरचा एक मजूर खिडकीशी आला. बरोबर त्याचा भाऊ. मजुराच्या डोक्यावरून, तोंडावरून दुपट्टा गुंडाळलेला, अंगात सणसणून ताप. खिडकीबाहेर गर्दीचा कालवा. मी नाव विचारलं, तो पुटपुटला, मला ऐकू येईना. मी कान खिडकीबाहेर काढून त्याच्या तोंडाशी नेला. एकदा नव्हे, तीनदा. नाव, गाव, वय. गाव सांगताना तो खोकलाही. मी पर्ची फाडून दिली आणि पुढच्याला म्हणालो, "हं, चला."

तासाभरानं आतून कळलं, त्या माणसाला देवी आल्या आहेत. संसर्गाच्या रोग्यांसाठी वेगळा दवाखाना होता, तिथं त्याला हलवत होते. (पुढं तो वाचला. चेहऱ्यावर व्रण राहिले.)

देवी डॉक्टर थर्मास घेऊन आलेच. कोणी कोणी हात लावला, सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. अनसूयाबाईनं त्या माणसाचं डोकं मांडीवर धरून पाणी पाजलं होतं. तिनं बाही वर करून दंडावरचा ताजा व्रण दाखवला. "तू जा वं, कामाले लाग," ते म्हणाले. वॉर्डबॉयची पाहिली, तोही सुटला. मग विचारलं, "पर्ची कोणी केली?"

मी पुढं झालो.

"उठली होती का, बाबूजी?"

"नाही."

"काहून?"

"स्पिरिट लावलं होतं."

ते थर्मासचं झाकण उघडत म्हणाले, "बरं झालं लवकर सांगितलं. नाही तं तुमची वाट पाहत बसलो असतो अन् लस गरम झाली असती."

अनसूयाबाई अजून तिथंच होती. "घाबरू नका बाबूजी," ती म्हणाली. "हात सुजला तं पर्च्या मी लिवून देईन. मले लिवता येत नाही, पन तुमचं बी कोनाले वाचता येत नाही."

सदरा काढून मी बाकावर बसलो. चकती फिरली. वाटलं होतं त्याच्या निम्मंही दुखलं नाही. एवढ्यासाठी मी महिनाभर लपत होतो.

"घरी कोण कोण?"

"बायको. मुलगी, तीन महिन्यांची."

"तिची काढली?"

नव्हती काढली. बारशानंतर काढू म्हणालो होतो. मग थंडी होती. मग तिला सर्दी झाली. 'विनाविलंब' टाइप करणाऱ्याच्या घरात ही परिस्थिती. ते उठले, टोचायच्या सामानाची पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चला. बसा डबल."

महाल भागातल्या आमच्या खोल्यांपर्यंत मी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर पेटी कवटाळून बसलो.

ही भाजी निवडत होती. मी तिला सांगितलं, "काही विशेष नाही. दवाखान्याचा नियम आहे, सगळ्यांच्या घरी काढतात." देवी डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. हिची काढली. मग मुलीची. ती आधी त्यांच्याकडे पाहून बोळकं पसरून हसली, आणि चकती टेकताच अशी किंचाळली की शेजारच्या बाई धावत आल्या. त्यांनी चटकन हात उचलला. फुटाणे हिच्या हातावर ठेवले, "लेकराच्या वाटचे तू खा, माय," म्हणाले.

बाहेर सायकलपाशी त्यांनी मला हिशेब समजावला. "तुमची वेळेत काढली. बहुतेक काही होत नाही. पण समजा ताप आलाच, तं दहाव्या-बाराव्या दिवशी येईल. त्याच्या आधी लेकराची उठली पायजे. बस, इतकंच आहे."

इतकंच होतं. पुढचे दिवस मी तेवढंच करत होतो, दुपटं बाजूला करून त्या इवल्या दंडाकडे बघणं. माझा हात सुजला, ठणकला. हिचाही उठला. मुलीचा दंड लोण्यासारखा स्वच्छ. ही म्हणे, "बरं आहे बाई, बाळाला त्रास नाही झाला." मी हं म्हणे. मुलीला मी उचलूनही घेत नव्हतो, आणि हात दुखतो म्हणून सांगत होतो.

पाचव्या दिवशी दुपारी ते आले. उंबऱ्यातच हिनं मुलीला पुढं केलं. त्यांनी दंड चिमटीत धरला, उजेडाकडे वळवला. पायात चपला तशाच होत्या.

"माय, माझी चूक झाली," ते म्हणाले. "लेकरू रडलं अन् माझा हात हलका पडला. मी असं करत नाही, पण झालं. पुन्हा काढा लागते."

"असू द्या हो," ही म्हणाली. "घाई काय आहे? नियमच आहे ना, पुढच्या महिन्यात काढू. हात दुखून राहिला की रात्रभर रडेल ती."

त्यांनी सांगून टाकलं असतं तर त्यांचा अधिकारच होता. पण ते माझ्याकडे पाहत नुसते उभे राहिले, थर्मास पोटाशी धरून. आणि मग मी सांगितलं. कन्हानचा माणूस, खिडकीबाहेर काढलेला कान, कापसाचा बोळा, सगळं. सांगताना माझा आवाज असा निघत होता जसा तिमाही परीक्षेत नापास झाल्यावर वडिलांसमोर निघायचा.

ही चटईवर बसली, मुलीला मांडीवर घेतलं, झबल्यातून तिचा हात बाहेर काढला आणि कोपराशी घट्ट धरला. मग त्यांना म्हणाली, "आता हात हलका पडू देऊ नका."

"नाही पडू देत."

मुलगी पहिल्याहून जोरात रडली. चकती पूर्ण फिरली. त्यांच्या कपाळावरून घाम गळून खाकी कोटावर पडला, पण हात हलला नाही. हिचाही नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, हे सांगून टाकलेलं बरं.

आठव्या दिवशी ते मला आपल्या खोलीवर घेऊन गेले. ताप येण्याचे दिवस आता जवळ आले होते, आणि मी घरात नको. त्यांची एकच खोली, एक खाट. खाट मला दिली. सकाळी-संध्याकाळी ते उलट्या तळहातानं माझं कपाळ बघत, मग सायकल काढून महालात जात, हिला सांगत, "ताप नाही," आणि मुलीचा दंड बघून परत येत. तो त्यांच्या वाटेवर नव्हता, कामातही नव्हता. मी दारात उभा असे. पहिल्या दिवशी त्यांनी सायकलवरूनच मान हलवली. नाही.

नवव्या दिवशी सायकल भिंतीला लावता लावता म्हणाले, "मोहरीएवढी."

मी खाटेवर जाऊन बसलो आणि फुटाणे खात राहिलो. तोंड कशात तरी गुंतवणं भाग होतं.

दहाव्या दिवशी, "ज्वारीचा दाणा." अकराव्या दिवशी, "तुरीएवढी, गा. लाल." बाराव्या दिवशी त्यांनी सायकल उभीही केली नाही, आडवी टाकली. "वाटाण्याएवढी. मधात खळी पडली. एक नंबर उठली." मला ताप आला नाही. त्या दिवशीही नाही, पुढंही नाही. सतराव्या दिवसापर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

त्या दिवसांत मी एकदा त्यांना विचारलं होतं, की तुम्ही हे एवढं जीव तोडून का करता. लोक म्हणायचे, यांच्या घरचं कोणीतरी देवीनं गेलं असणार. मला वाटलं, आता काही जुनं दुःख ऐकायला मिळेल, म्हणून मी आवाजही हळू केला होता.

"काही नाही गा," ते म्हणाले. "पगार भेटते." आणि कूस बदलून झोपले.

आज माझी मुलगी दोन मुलांची आई आहे. तिच्या दंडावर तो व्रण आहे, नाण्याएवढा, मध्ये खोलगट. तिला तो आवडत नाही, ती बाहीखाली लपवते. मला मात्र कधी बाही वर सरकली की त्या माणसाची सायकल भिंतीला लागल्याचा आवाज येतो. त्यांचे उपकार कसे फेडावे मला कळलं नाही. त्यांना काही द्यायला गेलं की ते आपलेच फुटाणे पुढं करत. शेवटी मला एकच गोष्ट सुचली.

मी कामावर परतलो त्याच आठवड्यात 'पुन्हा' लिहिलेल्या लोकांची रांग लागायची होती. कचेरीतली सगळी मंडळी होती, कंपाउंडरही होते. मी बाकावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सोंग, रुमाल, तिघांच्या जिवावर बेतलेला तो बोळा. कानाचा प्रसंग करूनही दाखवला. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. कंपाउंडरांनी औषधांच्या खोलीच्या मागच्या दाराला कडी घातली आणि येऊन रांगेत पहिले उभे राहिले. अनसूयाबाई दारातून म्हणाली, "बाबूजी, इतकं बोलता येते तुमाले? खिडकीवर तं नुसते खेकसता." त्या दुपारी एकाचाही हात स्पिरिटला लागला नाही. देवी डॉक्टरांनी मलाही फुटाणे दिले, मला टोचायचं नव्हतं तरी.

संध्याकाळी घरी आल्यावर मी हे हिला सविस्तर ऐकवलं. थोडं रंगवलंही असेल. साऱ्या दवाखान्यासमोर आपली चूक कबूल करायला छाती लागते, असंही काहीसं म्हणालो. ही मुलीच्या दंडाला खोबरेल लावत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "त्यांनी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या, तेवढ्यात आपली चूक सांगितली होती. तुम्हाला पाच दिवस लागले. पुढच्या वेळी लोकांना सांगाल, तेव्हा हेही सांगत जा."